लग्नपत्रिकेच्या पाकिटावरचं नाव: यादीपासून टपालापर्यंत

पत्रिकेचा मजकूर छापायला जाण्याआधी घरातली चार माणसं चार वेळा वाचतात. मुहूर्त, कार्यालय, आजोबांचं नाव, कुलदेवता सगळं तपासलं जातं. पाकिटं मात्र एखाद्या रविवारी जेवणं आटोपली की ज्याचं अक्षर बरं त्याच्या पुढ्यात गठ्ठ्यानं येतात आणि संध्याकाळपर्यंत संपवायची असतात. रुसवेफुगवे इथूनच सुरू होतात. पत्रिका सगळ्यांना सारखीच जाते. कुणाला बोलावलं, घरातल्या किती जणांना बोलावलं आणि कोणत्या मानानं बोलावलं, हे सांगायचं काम एकट्या पाकिटाकडे असतं.

इंदुरात तर हे काम आणखी नाजूक. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगरातली मराठी घरं, ऑफिसातले हिंदीभाषक सहकारी, शेजारचं गुजराती, सिंधी नाहीतर बोहरा कुटुंब, आणि पुणे-मुंबई, ग्वाल्हेर-बडोद्याचे नातेवाईक एकाच यादीत येतात. प्रत्येकाची मान देण्याची रीत वेगळी. खाली टप्पे ज्या क्रमानं दिले आहेत त्याच क्रमानं करा. बहुतेक चुका पेन आधी हातात घेतल्यामुळे होतात.

१. यादी घरांची करा

नावं आठवतील तशी लिहीत गेलात तर एकाच घरी दोन पाकिटं जातात आणि एक घर राहूनच जातं. म्हणून एका ओळीत एक घर घ्या. घर कशाला म्हणायचं? जिथे चूल वेगळी तिथे पाकीट वेगळं. एकाच वाड्यात खाली थोरले, वर धाकटे राहत असतील आणि स्वयंपाक वेगळे असतील, तर दोन पाकिटं. ‘समस्त कुलकर्णी परिवार’ असं लिहून चार बिऱ्हाडांना एक पाकीट देण्याची पद्धत दिसते. ते पाकीट ज्याच्या हातात पडतं त्याला बोलावणं आहे असं वाटतं आणि बाकी तिघं ‘आम्हाला कुठे पत्रिका आली’ म्हणतात. एखादी पत्रिका वाचवायला हे करू नका.

प्रत्येक ओळीला एवढे रकाने हवेत: उपाधी, पाकिटावर येईल तसं पूर्ण नाव, कोणत्या समारंभाला बोलावणं (सीमांतपूजन, लग्न की फक्त स्वागत समारंभ), पत्रिका मराठी की हिंदी, हातानं द्यायची की टपालानं, फोन, पत्ता. शेवटचा रकाना रिकामा ठेवा, तो ‘विचारलं’ अशी खूण करायला लागेल.

यादीसाठी घरातली आहेराची जुनी वही काढा. आधीच्या लग्नात, मुंजीत कोण आलं होतं ते तिच्याइतकं नेमकं कुणाला आठवत नाही. पण ती वही फक्त घरं आठवायला वापरा, नावं उतरवायला नको. पाच-दहा वर्षांत माणसं जातात, मुली सासरी जातात, घरं विकली जातात.

*तपासणी:* यादी आई, बाबा आणि घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस अशा तिघांनी वेगवेगळी वाचावी. एकत्र बसून वाचली की एकजण बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

२. फोन करा, मगच नाव पक्कं करा

हा टप्पा सगळे गाळतात आणि सगळ्यात जास्त दुखापत इथेच होते. गेलेल्या माणसाच्या नावानं पाकीट गेलं की त्या घरात ते किती वेळ कुणाच्याच हातून खाली ठेवलं जात नाही, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

जिथे वर्षभरात जाणं-येणं झालेलं नाही अशा प्रत्येक घराबद्दल तीन गोष्टी विचारा. घरातली सगळी माणसं आहेत ना आणि एकत्र आहेत ना? हा प्रश्न त्या घराला विचारायचा नाही, दोन्हीकडच्या ओळखीच्या नातेवाइकाला विचारायचा. दुसरं, कागदावरचं नाव काय? आपल्याकडे निम्मी माणसं नाना, भाऊ, बंडू, अक्का म्हणूनच माहीत असतात. टपालवाल्याला बंडूकाका माहीत नसतात. तिसरं, नावामागे काय लागतं? गेल्या पाच वर्षांत कुणी डॉक्टरेट केली असेल, कुणी ॲडव्होकेट झालं असेल, कुणाला आपल्या नावापुढे माहेरचं आडनावच हवं असेल.

*इशारा:* ज्या ओळीत ‘विचारलं’ची खूण नाही, त्या घराचं पाकीट लिहू नका. वेळ कमी असला तरी ती ओळ शेवटी ठेवा, अंदाजानं भरू नका.

३. पाकिटं आणि पेन

छपाईची ऑर्डर देताना पाकिटं पत्रिकांपेक्षा जास्त मागा. चुकते ते पाकीट, पत्रिका नाही. नंतर त्याच रंगाची पंधरा पाकिटं मिळवायला दुकानदारामागे फिरावं लागतं. मागच्या फ्लॅपवर पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता तिथेच छापून घ्या. न पोचलेलं पाकीट परत येण्याचा तोच एक रस्ता आहे.

हल्लीची चकचकीत आणि मखमली पाकिटं दुकानात छान दिसतात, पण त्यांवर जेल पेनची शाई वाळत नाही. एका पाकिटावर ‘श्री.’ लिहा, पाच मिनिटं थांबा आणि अंगठा फिरवा. पसरलं तर पेन बदला. बॉलपेन किंवा बारीक टोकाचा पक्क्या शाईचा मार्कर चालतो. गडद लाल, मरून पाकिटावर सोनेरी पेन हातात वाचता येतं, पण टपालात नाव-पत्ता ओळखायला त्रास होतो. तिथे फिकट रंगाचं लेबल लावून त्यावर लिहा. शुभकार्याला काळी शाई नको, असं मानणारी वडीलधारी माणसं अजून पुष्कळ आहेत. निळी घ्या, प्रश्नच मिटला.

छापील लेबलं टपालाच्या पाकिटांना लावा, त्यात काही वावगं नाही. पण मामा, आत्या, व्याही, गुरुजी, आजोबांचे जुने मित्र यांची पाकिटं हातानंच लिहा. अक्षर फार सुंदर नसलं तरी चालेल. स्वच्छ, मोठं आणि एका ओळीत असलं की पुरे.

४. निमंत्रक कोण, ते पाहा

पाकीट लिहिणारा बहुधा घरातला तरुण असतो आणि तो आपल्या बाजूनं नातं लिहितो: ‘शरदकाका’, ‘सुमाआत्या’. पत्रिकेत निमंत्रक म्हणून आजोबांचं नाव आहे. मग आजोबा आपल्या मुलाला ‘काका’ म्हणून बोलावतात असं ते पाकीट म्हणतं. नातं आणि मान नेहमी निमंत्रकाच्या बाजूनं मोजायचा.

साधा उपाय म्हणजे नात्याचे शब्द पाकिटावर आणायचेच नाहीत. पूर्ण नाव, योग्य उपाधी, बस. फार जवळच्या वडीलधाऱ्यांना आत एक चिठ्ठी ठेवा. तिथे नवरदेव किंवा नवरीनं स्वतःच्या हातानं ‘ती. काका व काकूंना सा. न.’ लिहून दोन ओळी लिहिल्या तर ती चिठ्ठी पत्रिकेपेक्षा जास्त दिवस जपली जाते.

‘चि.’ पाहुण्याला लावू नका. आशीर्वादाचा तो शब्द पत्रिकेच्या आत वधूवरांसाठी आहे. जावई वयानं पंचविशीचा असला तरी पाकिटावर तो ‘श्री.’च.

५. उपाधी

‘श्री.’ विवाहित, अविवाहित, लहान-मोठ्या सगळ्या पुरुषांना चालतं. माणसाच्या नावाआधीच्या ‘श्री’ला टिंब देतात, देवाच्या नावाआधीच्या ‘श्री’ला देत नाहीत. ‘श्री. सुधीर’ पण ‘श्री गणेश’.

‘सौ.’ विवाहित बाईला. ‘श्रीमती’ इथे फार जपून वापरायचं. हिंदीत ‘श्रीमती’ म्हणजे विवाहित बाई, आणि इंदुरात आपण दिवसभर तेच वाचतो. पण मराठी घरांतल्या मोठ्या पिढीला ‘श्रीमती’ म्हटलं की नवरा हयात नाही असंच वाटतं. हिंदी यादीवरून मराठी पाकिटं उतरवताना ‘श्रीमती’ तसंच राहून जातं. मग सुदामा नगरातल्या एखाद्या आजी चष्मा लावून पाकीट हातात धरतात, मोठ्यानं नाव वाचतात, शेजारी आरामखुर्चीत बसलेल्या आजोबांकडे बघतात आणि पाकीट उलटं करून टेबलावर ठेवतात. पत्रिका उघडलीच जात नाही. मराठी पाकिटावर सवाष्णीला ‘सौ.’ आणि पती गेलेल्या बाईंना ‘श्रीमती’ हा भेद पाळा.

‘गं. भा.’ (गंगाभागीरथी, पती गेलेल्या बाईसाठीची जुनी उपाधी) लिहू नका. काही घरांत वडीलधारी सांगतील की ती रीत आहे. पण ज्या बाईला ते मिळतं तिला शुभकार्याच्या पाकिटावर पहिल्यांदा तिचं वैधव्यच वाचायला लागतं. ‘श्रीमती’ पुरतं आणि त्यात मानही आहे.

घटस्फोटित किंवा एकट्या राहणाऱ्या बाईंच्या बाबतीत त्यांना स्वतःला कसं नाव आवडतं ते जवळच्या माणसाकडून कळून घ्या. मध्य प्रदेशात ‘सुश्री’ सरकारी कागदांपासून सगळीकडे रुळलेलं आहे. ते सुरक्षित आहे. चाळिशीतल्या अविवाहित प्राध्यापिकेला ‘कु.’ लावण्यापेक्षा ‘प्रा.’ लावा.

व्यवसायाची उपाधी असली की ‘श्री.’ गाळायचं. ‘श्री. डॉ.’ किंवा ‘मा. श्री. ॲड.’ अशी रांग लावू नका. ‘डॉ. सुधीर देशपांडे’ पुरतं. बाई डॉक्टर असेल तर ‘डॉ. सौ.’ असा क्रम रूढ आहे. महूला छावणी असल्यामुळे आपल्याकडे बऱ्याच घरांत निवृत्त फौजी असतात. त्यांचा हुद्दा लिहा आणि पुढे कंसात ‘से. नि.’ लिहा. हुद्दा एक पायरी खाली लिहिला गेला तर ते बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात. विचारूनच लिहा.

गुरुजींना ‘वे. मू.’ (वेदमूर्ती), शास्त्री असतील तर ‘वे. शा. सं.’ (वेदशास्त्रसंपन्न), कीर्तनकारांना ‘ह. भ. प.’ (हरिभक्तपरायण) लिहायचं. जुन्या सरदार घराण्यांत ‘श्रीमंत’ अजून चालतं, पण ते घर स्वतः लिहीत असेल तरच लिहा.

*तपासणी:* सगळ्या ओळींतला उपाधीचा रकाना वरून खाली एकदा नुसता वाचा. बाकी काही वाचू नका. ‘श्री. डॉ.’ आणि चुकीचं ‘श्रीमती’ लगेच डोळ्यांत भरतात.

६. नावांची मांडणी आणि ‘सहकुटुंब’

‘श्री. व सौ. सुधीर देशपांडे’ ही जुनी मांडणी चुकीची नाही. पण बाईचं नाव माहीत असताना ते न लिहिणं मला पटत नाही. ‘सौ. मीना व श्री. सुधीर देशपांडे’ लिहायला अर्धी ओळ जास्त लागते. मीना तुमची मामेबहीण असेल तर तिचं नाव हवंच, आणि आधी हवं. आपलं नातं ज्याच्याशी त्याचं नाव आधी, हा नियम नवरा-बायको दोघांना सारखाच लागू पडतो.

आता संख्या. ‘सहकुटुंब’ एवढंच लिहिलं तर जुन्या माणसांना त्याचा अर्थ नवरा-बायको असा लागतो आणि नव्यांना सगळं घर. ही शंका ठेवू नका. सगळ्यांना बोलावायचं असेल तर ‘सहकुटुंब सहपरिवार’. फक्त दोघांना बोलावायचं असेल तर दोघांची नावं लिहा आणि पुढे काही नको. ‘इष्टमित्रांसह’ लिहिण्याआधी ताटांचा हिशेब बघा. जे लिहिलं ते मनापासून हवं. मोठी मुलं आई-वडिलांकडे राहत असतील आणि कमावती असतील तर ‘सहपरिवार’मध्ये ती येतात. पण नवरदेवाची थेट मैत्री त्या मुलाशी असेल, तर त्याला वेगळं पाकीट द्या.

पाकिटावरची मांडणी अशी दिसेल:

॥ श्री ॥
सौ. मीना व श्री. सुधीर देशपांडे
सहकुटुंब सहपरिवार
घर क्र. …, सुदामा नगर,
इंदूर ४५२००९ (म. प्र.)

हातानं द्यायचं असेल तर शेवटच्या दोन ओळींऐवजी कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘सुदामा नगर’ एवढं पुरे. वाटणाऱ्याला गठ्ठे लावायला सोपं जातं.

७. अवघड घरं

इथे घाई करू नका. यादीतल्या या ओळी वेगळ्या कागदावर काढून घरातल्या सगळ्यात समंजस माणसाबरोबर बसा.

व्याह्यांचं घर: थोरल्या मुलीचं किंवा सुनेचं माहेर यादीत इतर नातेवाइकांत मिसळू नका. व्याही-विहिणींच्या नावानं वेगळं पाकीट, हातानंच द्यायचं, आणि त्याच घरात राहणाऱ्या आपल्या मुलीला-जावयाला आणखी एक. ‘एकाच घरी दोन कशाला’ हा हिशेब इथे लावू नका. मुलगी माहेरच्या लग्नाला सासूच्या पाकिटातून येत नाही.

वर्ष न झालेलं घर: ज्या घरात वर्षभरात कुणी गेलंय, तिथे सुतक संपेपर्यंत पत्रिका नेऊ नका. नंतर जा, गेलेल्या माणसाची विचारपूस आधी, पत्रिका मग. येण्याचा आग्रह करू नका. पण ‘त्यांचं वर्ष व्हायचंय, येणार नाहीत’ असं ठरवून पाकीटच न देणं जास्त लागतं. पाकीट घरातल्या कर्त्या माणसाच्या नावानं; मागे राहिलेली बाई एकटी असेल तर तिच्याच नावानं, मुलाच्या नावाआड तिला लपवू नका.

वेगळे राहणारे नवरा-बायको: दोघांशी संबंध असतील तर दोन पत्त्यांवर दोन पाकिटं, दोन्हींवर एकेकट्याचं नाव. ‘श्री. व सौ.’ लिहून आपण काही जोडू शकत नाही.

आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्न केलेली मंडळी: दोघांची नावं ते स्वतः लिहितात तशीच. सुनेचं नाव बदललं असेल असं गृहीत धरू नका.

ऑफिस आणि संस्था: सगळ्यांना मिळून एक पत्रिका फळ्यावर लावायची असेल तर ‘सर्व सहकारी’ लिहा. मात्र ज्यांनी यावं असं खरंच वाटतं त्यांची वेगळी पाकिटं द्या. फळ्यावरच्या पत्रिकेला कुणी आपलं निमंत्रण मानत नाही.

घरकामाच्या मावशी, ड्रायव्हर, इमारतीचा चौकीदार: यांना बहुधा तोंडी सांगितलं जातं किंवा बिनानावाचं पाकीट दिलं जातं. पूर्ण नाव विचारा, आडनावासकट, आणि ‘सौ.’, ‘श्री.’ लावून लिहा. रोज घरात येणाऱ्या माणसाचं आडनाव आपल्याला माहीत नसेल तर ते माहीत करून घ्यायला लग्नापेक्षा चांगली वेळ कोणती?

८. हिंदी आणि इतर पाकिटं

हिंदी पाकिटं वेगळ्या दिवशी किंवा निदान वेगळ्या बैठकीत लिहा. मराठी लिहिता लिहिता हात वळत नाही आणि ‘श्री. व सौ. शर्मा’ किंवा ‘सहकुटुंब’ लिहिलं जातं. हिंदीत ‘श्रीमती एवं श्री’ असा क्रम चालतो, नावानंतर ‘जी’ आणि खाली ‘सपरिवार’. तिथे विवाहित बाईला ‘श्रीमती’ अगदी बरोबर. उलट मराठी पाकिटावर ‘जोशीजी’ नको. शहराचं नाव हिंदीत ‘इंदौर’.

गुजराती नावांना ‘भाई’ आणि ‘बेन’ जोडून लिहितात, बोहरा शेजाऱ्यांच्या नावांनाही ‘भाई’ लागतं. शीख कुटुंबाला ‘सरदार’ आणि शेवटी ‘जी’. कुठल्याही समाजाच्या बाबतीत शंका आली तर दुकानाची पाटी, दाराची पाटी किंवा त्यांच्याकडून आलेली जुनी पत्रिका बघा. माणूस स्वतःचं नाव तिथे जसं लिहितो तसंच आपण लिहायचं.

आडनावांचं शुद्धलेखन त्या माणसाच्या मर्जीनं चालतं. हिंदी कागदांवर ‘काळे’ हे ‘काले’ होतात. त्यांचं पाकीट मराठीत असेल तर ‘ळ’ त्यांना परत द्या.

९. लिहायला बसताना

पहिलं पाकीट देवाचं. इंदुरात बहुतेक घरांची पहिली पत्रिका खजराण्याच्या गणपतीला जाते, मग कुलदेवता, ग्रामदेवता. पाकिटावर ‘श्री गजाननचरणी सादर’ लिहा; ‘यांस’, ‘सहपरिवार’ असलं काही नको. कुलदेवता जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर अशी दूर असेल आणि जाणं होणार नसेल तर देवस्थानच्या पत्त्यावर टपालानं पाठवतात.

त्यानंतर क्रम असा ठेवा: परगावची, मग शहरातल्या मानाच्या घरांची, मग बाकीची. ताज्या हातानं टपालाची पाकिटं लिहिली की पत्ते स्वच्छ येतात. एकजण यादीतून मोठ्यानं वाचेल, दुसरा लिहील आणि तिसरा लिहिलेलं यादीशी ताडून खूण करेल. दोघंच असाल तर दर वीस पाकिटांनी थांबून ताडा.

*इशारा:* खाडाखोड झालेलं किंवा पांढरी शाई लावलेलं पाकीट देऊ नका. तेवढ्यासाठीच जास्तीची पाकिटं आणली आहेत.

१०. पत्ता आणि टपाल

पिन कोड नसेल तर तिलक नगर, राजेंद्र नगर असली नावं कामाची नाहीत, प्रत्येक शहरात ती आहेत. इंदुरात विजय नगर भागातल्या पत्त्यात ‘स्कीम नं. ५४’ की ‘स्कीम नं. ७८’ हे लिहायलाच हवं, नुसत्या ‘विजय नगर’वर पाकीट फिरत राहतं. सुदामा नगरात सेक्टर लिहा. ‘अमक्या चौराह्याजवळ’ ही खूण पत्त्याच्या आधी नको, नंतर लिहा. फोन नंबर सगळ्यात खाली.

इंदूर, ग्वाल्हेर, महाराष्ट्र इथे देवनागरी पत्ता चालतो. बडोदा, हैदराबाद, बंगळुरूला नाव हवं तर मराठीत लिहा, पण पत्ता रोमन लिपीत लिहा आणि राज्याचं नाव घाला.

साध्या पत्राचा दर दर २० ग्रॅमला वाढतो, आणि आजकालच्या जाड, दोन-तीन कार्डांच्या पत्रिका त्या मर्यादेत बसत नाहीत. एक पूर्ण भरलेलं पाकीट जीपीओत किंवा जवळच्या टपाल कार्यालयात नेऊन वजन करून घ्या, मगच तिकिटं लावा. कमी तिकिटाचं पाकीट गेलं तर भुर्दंड पाहुण्याला पडतो. पोचल्याची खात्री हवी असेल तर स्पीड पोस्ट करा. वेगळं ‘रजिस्टर्ड’ मागायला जाऊ नका, २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात विलीन केली आहे. फुगीर पाकिटं लाल पेटीत कोंबू नका, खिडकीवर द्या.

वेळेचा हिशेब उलटा मोजा. परगावची पाकिटं लग्नाच्या पाच-सहा आठवडे आधी निघावीत, शहरातली तीन आठवडे आधी वाटायला घ्यावीत. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल तर मध्ये दिवाळी येते. परगावची दिवाळीआधीच टाका. पितृपक्षात आणि अमावास्येला वाटप सुरू करत नाहीत, तेही दिनदर्शिकेत पाहून ठेवा.

११. कुंकू, अक्षता आणि पाकीट भरणं

हळदकुंकवाचं बोट पाकिटाच्या वरच्या कोपऱ्यात, नावापासून आणि पिनपासून लांब. कुंकू फार पातळ केलं की ओघळतं आणि एका पाकिटाचा डाग दुसऱ्याच्या नावावर बसतो. दाट कालवा, पाकिटं पसरून वाळू द्या, मग रचा. टपालाच्या पाकिटांना बाहेर लावण्याऐवजी आतल्या पत्रिकेला लावा.

अक्षता हातानं द्यायच्या पाकिटांतच ठेवा, त्याही छोट्या पुडीत. टपालाच्या पाकिटात सुटे तांदूळ घातले की शिक्क्याच्या ठोक्यानं कागद फाटतो आणि पाकीट अर्धं उघडं पोचतं.

सगळ्यात मोठी चूक भरताना होते. सीमांतपूजनाचं छोटं कार्ड फक्त स्वागत समारंभाला बोलावलेल्यांच्या पाकिटात जातं, किंवा ज्यांना हवं त्यांच्या पाकिटातून राहून जातं. त्यासाठी नावं लिहितानाच फ्लॅपच्या आत पेन्सिलीनं खूण करा: एक टिंब लग्न, दोन टिंबं सीमांतपूजनासह, रेघ फक्त स्वागत समारंभ. भरणाऱ्याला यादी बघावी लागत नाही आणि खूण फ्लॅपखाली झाकली जाते.

*तपासणी:* आतली छोटी कार्डं मोजून घ्या. भरून झाल्यावर एकही उरलं किंवा कमी पडलं तर गोंद लावण्याआधी सगळी पाकिटं उघडून पाहा. हातानं द्यायच्या पाकिटांना गोंद लावूच नका, फ्लॅप नुसता आत सारा.

१२. हातात देताना आणि नंतर

आजोळी, मामाकडे पहिल्या दिवसांत जा. पाकीट नाव वर करून, उजव्या हातानं, घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातात द्या. बाईला हळदकुंकू लावून द्या. बाहेर कुलूप असेल तर पाकीट दारात सरकवून येऊ नका. शेजाऱ्याकडे ठेवलंत तरी त्याच संध्याकाळी फोन करा.

चुकून कुणाचं पाकीट राहिलं आणि लग्न आठ दिवसांवर आलं असेल तर टपाल किंवा व्हॉट्सॲपचा फोटो पुरेसा नाही. फोन करा, उशीर झाला हे सरळ सांगा आणि पाकीट घेऊन स्वतः जा. नाव घरून लिहून न्या. त्यांच्या दारात उभं राहून लिहू नका.

टपालानं गेलेल्यांना दहा दिवसांनी फोन लावा. ‘पोचलं का’ विचारण्याबरोबर नाव बरोबर आलं ना तेही विचारा आणि काही सांगितलं तर यादीत लगेच दुरुस्त करा. हीच यादी लग्नानंतर आहेराच्या वहीला जोडा.